भिशीचे वीस हजार आणि दुकानदाराची यादी

इचलकरंजीच्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने कोल्हापूरला जाऊन-येऊन शिकते. तिच्यासाठी चार दिवसांपूर्वी ५८,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. दुकानदाराने सोबत 'हे पण लागेलच' म्हणून यादी हातात ठेवली: दोन वर्षांची वाढीव वॉरंटी ५,५००, पडझड आणि सांडलवंडीचं एक वर्षाचं संरक्षण २,४००, तीन वर्षांचा अँटिव्हायरस १,८००, कीबोर्ड स्किन आणि स्क्रीन गार्ड मिळून ९००, कूलिंग पॅड १,२००, बॅग २,२००, वायरलेस माऊस ७००, एक टीबीची हार्ड डिस्क ५,३००. बेरीज बरोबर २०,०००. योगायोग असा की याच महिन्यात ताईंची २०,०००ची भिशी लागली. लेकीला सगळं हवंय. मिस्टर लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत, त्यांचं म्हणणं, "मशीन वापरायला असतं, नटवायला नाही." दुकानदार म्हणतो, भिशी राहू द्या, सहा बिनव्याजी हप्ते करून देतो. ताईंचा प्रश्न: घालू का सगळी भिशी यात?

ताई, सगळी नको. पण मिस्टरांचंही पूर्ण ऐकू नका.

आधी हप्त्यांचं मिटवू, कारण ते सोपं आहे. बिनव्याजी असं काही नसतं. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच चाप लावला. तेव्हापासून बँक व्याज लावते आणि विकणारा तेवढी सूट देतो, म्हणून आपल्याला ते शून्य दिसतं. बँकेचा दर १५ टक्के धरला तर सहा महिन्यांत २०,०००मध्ये व्याजाचा भाग साधारण ८४५ रुपये होतो. ते विकणाऱ्याच्या सवलतीत वळतं झालं तरी, हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५२ रुपये, तुमच्याकडूनच जातो. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसकट २३५. झाले ३८७. रक्कम छोटी आहे, पण हातात रोख असताना ती का द्यायची? उलट रोख देताय म्हटल्यावर घासाघीस करता येते, ती हप्त्यांवर येत नाही.

आता यादी. मी तिच्याकडे एकाच प्रश्नाने बघतो: हे आज नाही घेतलं तर पुढे घेता येईल का? ज्याचं उत्तर 'येईल' असं आहे, त्याला आज पैसे घालायची घाई कशाला?

वाढीव वॉरंटी बघा. कंपनीची पहिल्या वर्षाची वॉरंटी आहेच. तुम्ही ५,५०० देताय ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. तोच दर लावला तर तुमचा ५८,०००चा लॅपटॉप वर्षअखेरीला ३४,८०० उरतो आणि दुसऱ्या वर्षाअखेरीला २०,८८०. म्हणजे किंमत निम्म्याच्याही खाली घसरत जाणाऱ्या वस्तूसाठी आजच्या किमतीने हप्ता भरायचा, तोही वर्षभर आगाऊ. शिवाय तीन वर्षं वापरल्यावर सगळ्यात आधी दमते ती बॅटरी, आणि बऱ्याच वाढीव वॉरंट्यांमध्ये बॅटरी धरलेलीच नसते. बाकी मदरबोर्ड गेला तर खर्च मोठा, हे मान्य. पण बहुतेक कंपन्या पहिली वॉरंटी चालू असेपर्यंत ही मुदत वाढवून देतात. घरातल्या कॅलेंडरवर अकराव्या महिन्यात एक गोल करून ठेवा. तोवर लॅपटॉप कसा चालतो, किती तापतो, एकदाही दुकानात न्यावा लागला का, हे कळलेलं असेल. तेव्हा ठरवा, आणि घेतलीत तर कंपनीचीच घ्या.

पडझडीच्या संरक्षणाचं गणित उलटं आहे. ते बहुतेक ठिकाणी खरेदीनंतरच्या मोजक्या दिवसांतच मिळतं, नंतर मागितलं तरी नाही. आणि साध्या वॉरंटीत सांडलेलं पाणी किंवा फुटलेला स्क्रीन कधीच बसत नाही. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. काही वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या गडबडीत माझ्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला. मशीन सात महिन्यांचं, वॉरंटी चालू. सर्व्हिस सेंटरच्या पोराने खालचं झाकण उघडलं, आतली एक छोटी पांढरी पट्टी गुलाबी झालेली दाखवली आणि कागदावर 'लिक्विड डॅमेज' लिहून हातात दिलं. वाद घालायला जागाच नव्हती.

तुमची लेक रोज दोन वेळा एसटीत चढणार-उतरणार, पावसाळ्यात ओल्या छत्र्यांच्या गर्दीत उभी राहणार. इथे २,४०० रुपये मला वाजवी वाटतात. मात्र पैसे देण्याआधी कागद मागा आणि चार गोष्टी वाचा: संरक्षण लॅपटॉपच्या कंपनीचं आहे की तिसऱ्याच कुणाचं, प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून किती भरायचे, वर्षात किती क्लेम चालतात, आणि भरपाईतून घसारा कापतात का. चोरी यात सहसा नसते, हेही लेकीला सांगून ठेवा. कागद न दाखवता 'सगळं कव्हर आहे हो' एवढंच ऐकवत असतील तर घेऊ नका.

बॅग घ्याच, पण आधी तिच्यात हात घाला. लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ बॅगेच्या तळाला टेकतो की दोन बोटं वरच संपतो? टेकत असेल तर बॅग बाकावर आपटली की मार थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो आणि बिजागरी खिळखिळी होते. दोन बोटं वर असेल तर कापड मार झेलतं. बॅग कुठल्या कंपनीची आहे यापेक्षा हे महत्त्वाचं. रेनकव्हर सोबत असावं. पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत, आणि आमटीचा डबा वेगळ्या पिशवीत. हा नियम फुकट आहे आणि माझ्या मते यादीतल्या निम्म्या वस्तूंपेक्षा जास्त कामाचा.

कूलिंग पॅड तुमच्या घरी तर मुळीच नको. शेजारीपाजारी लूम म्हणजे हवेत सुताचे तंतू असणार. कूलिंग पॅड म्हणजे खालून हवा मारणारे पंखे. तेच तंतू ते थेट लॅपटॉपच्या पोटात ढकलतील. तुमच्याकडे लॅपटॉप तापला तर बहुतेक आतला पंखा चोंदल्यामुळे तापेल. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरायचा नाही, मागची कड एखाद्या जाड पुस्तकाने उचलायची, आणि सहा महिन्यांनी एकदा जाणकाराकडून साफ करून घ्यायचा. कीबोर्ड स्किन आणि स्क्रीन गार्डही नको. झाकण आणि बटणं यांच्यात जागा इतकी कमी असते की स्किनचा दाब स्क्रीनवर येतो. कॅमेऱ्यावर चिकटवायच्या सरकत्या झाकणांबद्दल ॲपलने २०२० मध्ये आपल्या मॅकबुकवाल्यांना हेच बजावलं होतं: ती लावून लॅपटॉप मिटू नका, स्क्रीन जाईल. अँटिव्हायरसचं म्हणाल तर विंडोज ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतो. तो चालू ठेवायचा, अपडेट टाळायचे नाहीत आणि फुकटचं चोरीव सॉफ्टवेअर टाकायचं नाही. १,८०० वाचले.

माऊस घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

हार्ड डिस्क ही यादीतली सगळ्यात महागड्यांपैकी एक वस्तू, आणि मिस्टर नेमके तिथेच अडून बसतील. त्यांना सांगा की लॅपटॉप दुसरा मिळतो, लेकीचं प्रोजेक्ट दुसरं मिळत नाही. कुठलीही वॉरंटी, कुठलंही संरक्षण आतल्या फायली परत देत नाही. माझ्या चहाच्या प्रकरणात दुरुस्तीपेक्षा जास्त जिवावर आली ती गेलेल्या फोटोंची गोष्ट. कॉलेजच्या फायलींना गुगल ड्राइव्हची फुकटची १५ जीबी सुरुवातीला पुरेल, पण त्याच १५ जीबीत मेल आणि फोटोही मोजले जातात हे विसरू नका. डिस्क घ्या आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटोही तिच्यावर घ्या, म्हणजे ५,३०० रुपये एकट्या लॅपटॉपच्या नावावर पडणार नाहीत. ती कपाटात राहील, फिरणार नाही, म्हणून धक्के सोसणारी महागडी एसएसडी डिस्क घ्यायची गरज नाही, साधी चालेल. फक्त लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. बॅग गेली तर दोन्ही जातील. दर रविवारी वायर जोडून कॉपी करायची सवय लेकीला लावा. न जोडलेली डिस्क म्हणजे ५,३०० रुपयांचा पेपरवेट.

दुकानदाराच्या यादीत नसलेली एक वस्तू मी घालतो: सहाएकशे रुपयांचा चांगला स्पाइक गार्ड. नुसता एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे, डब्यावर सर्ज प्रोटेक्शन लिहिलेला. लूमच्या भागात लाइट जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं. यूपीएसची गरज नाही, कारण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. मात्र घरात अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्ड पुरेसं काम करत नाही. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या वायरला दोन पिनांची टोपी घालायचा उद्योग कुणी करत असेल तर थांबवा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की पिन सरळ काढून ठेवायची, गार्ड असो नसो.

तर बॅग, माऊस, डिस्क, पडझडीचं संरक्षण आणि स्पाइक गार्ड मिळून ११,२००. भिशीतले ८,८०० उरतात. ते घरखर्चात मिसळू देऊ नका. बँकेत दहा महिन्यांच्या मुदतीवर टाका. अकराव्या महिन्याला वॉरंटी वाढवावीशी वाटली तर पैसे तयार. नाही वाढवली तर तीन-चार वर्षांनी नवीन बॅटरीला येतील. किंवा लेक म्हणेल की मशीन हळू चालतंय, तर रॅम वाढवता येईल. लॅपटॉपची ताकद खरोखर वाढवणारा खर्च हाच. पण तोही एक सेमिस्टर गेल्यावरच करा. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, वाढवताच येत नाही, ते आधी विचारा. आणि कंपनीच्या अधिकृत केंद्रातच बसवा, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो.

दुकानदार 'किट घेतलं तर सगळं घ्या, सुटं देत नाही' म्हणाला तर माऊस, बॅग, डिस्क दुसरीकडून घ्या. कुणी फारच अडवलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. लॅपटॉपच्या जीएसटी बिलाचा आणि खालच्या बाजूच्या सिरियल नंबरचा फोटो काढून तुमच्या, मिस्टरांच्या आणि लेकीच्या अशा तिन्ही मोबाईलमध्ये ठेवा. क्लेमला तोच लागतो आणि चोरी झाली तर पोलिसांकडेही.

खरेदीला चार दिवस झालेत म्हणता. पडझडीचं संरक्षण किती दिवसांपर्यंत मिळतं, एवढा एक फोन मात्र आजच करा. बाकीचं रविवारी बाजारात जाल तेव्हा.