वाटीत किती ग्रॅम?

प्रश्न : नानकटाईच्या कृतीत मैदा २५० ग्रॅम आणि पिठीसाखर १२५ ग्रॅम दिली होती. घरी काटा नाही. सव्वातीन वाट्या मैदा घेतला, तूप मात्र पाकिटावरचं वजन बघून घेतलं. पीठ भुगा झालं, गोळेच वळेनात. एका वाटीत नेमके किती ग्रॅम धरायचे?
(एक वाचक, उदगीर)

उत्तर : वाटीला ठरलेलं माप नसतं. भांड्याच्या दुकानात शंभर मिलिलिटरची मिळते, तशी दोनशेचीही. म्हणून आधी आपली वाटी मोजून घ्या. किराणा दुकानाच्या काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्यानं भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर.

समजा १५० आले. या वाटीत सपाट भरलेला मैदा साधारण ७८ ग्रॅम बसतो. चाळलेली पिठीसाखर त्याहून थोडी कमीच. दाणेदार साखर १२५, बारीक रवा १०५, तांदूळ १२० ग्रॅमच्या आसपास. चाळलेलं बेसन जेमतेम ६०. तुमची वाटी लहानमोठी असेल तर त्याच प्रमाणात हे आकडे कमीजास्त करा.

या हिशेबानं २५० ग्रॅम मैद्याला सव्वातीन वाट्या जवळपास बरोबर आहेत. चूक बहुधा भरण्यात झाली. वाटी डब्यात खुपसून कडेला दाबत बाहेर काढली की त्याच वाटीत ९० ग्रॅमच्या वर मैदा जातो. सव्वातीन वाट्यांत चाळीस-पन्नास ग्रॅम जादा झाला आणि तूप तेवढंच राहिलं, मग भुगा होणारच. मैदा आधी चमच्यानं सैल करा, चमच्याचमच्यानं वाटीत टाका, वाटी आपटू नका आणि शेवटी सुरीच्या पाठीनं वरचा ढीग सारा.

काटा अजिबातच मिळत नसेल तर अर्ध्या किलोचं न उघडलेलं पाकीट फोडून त्यात किती सपाट वाट्या निघतात ते मोजा. ५०० ला त्या संख्येनं भागलं की झालं. आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. छापील तक्त्यांपेक्षा आम्ही यावरच जास्त भरवसा ठेवू.

प्रश्न : सासूबाई ज्वारीचं सगळं पायलीत सांगतात. पायली म्हणजे किती किलो?
(एक वाचक, गंगाखेड)

उत्तर : पायली हे मापाचं परिमाण आहे, वजनाचं नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर तो तागडीचा. मापाच्या शेराशी त्याची गल्लत करू नका. मापाचा शेर गावागणिक बदलतो, त्यामुळे घरातलं मापटंच लिटरच्या बाटलीनं पाणी ओतून मोजा. एक लिटर ज्वारी अंदाजे पाऊण किलो भरते, गहू थोडे जास्त. आणि सासूबाई शीग लावून मोजतात की सपाट, हे विचाराच. शिगेचं धान्य प्रत्येक मापट्यामागे वाढत जातं, पायलीपर्यंत हिशेब चांगलाच हलतो.

प्रश्न : लोणच्याच्या कृतीत 'एक वाटी मीठ' लिहिलंय. खडे मीठ घेतलं तर चालेल का?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : चालेल, पण वाटीनं मोजू नका. बारीक मीठ १५० मिलिलिटरच्या वाटीत १८० ग्रॅमच्या आसपास बसतं. खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून त्याच वाटीत ते कमी भरतं, आणि मीठ कमी पडलं तर लोणच्याला बुरशी धरते. खडे मीठ कोरडं भाजून कुटा आणि मग वाटीनं घ्या; किंवा १८० ग्रॅम खडे तोलून घ्या. कुटल्यानं वाटीतलं माप बदलतं, वजन नाही.