खुब्याच्या ऑपरेशननंतर वडील घरी येणार आहेत. जुन्या फ्लॅटमध्ये काय बदल करावेत?

वडील आठवड्याभरात वॉकर घेऊन घरी येणार, संडास भारतीय पद्धतीचा आणि कंत्राटदार म्हणतोय अख्खं बाथरूम फोडू. आत्ता फोडू नका.

माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही ती यायच्या आधीच दोन चकचकीत स्टीलचे दांडे ठोकून घेतले. ती आल्यावर पाहिलं तर तिचा हात त्यांच्याकडे जायचाच नाही. आंघोळ करून उठताना ती नळ धरायची आणि बाहेर पडताना टॉवेलचा रॉड. एक दिवस तो रॉड स्क्रूसकट उपटून तिच्या हातात आला. मी मागेच उभी होते म्हणून निभावलं.

मग मी पेन्सिल घेतली. कोरड्या बाथरूममध्ये, अंगावर कपडे असतानाच, तिला खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं. हात जिथे टेकला तिथे भिंतीवर खूण केली आणि नवे दांडे बरोबर तिथे बसवले. दांडा खरखरीत घ्या, गुळगुळीत असेल तर साबणाच्या हातातून सुटतो. जाडी दीड इंचाच्या आत, भिंतीपासून अंतर दीड इंच. नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू नको, विटेत अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) हवा. बसवल्यावर तुम्ही स्वतः पूर्ण भार टाकून बघा.

खुबा बदलला असेल तर उकिडवं बसणं बंद, सखल बैठकही नको. चार पायांची कमोड खुर्ची मिळते, तिचं भांडं काढून ती संडासावर ठेवता येते. पण जुन्या इमारतींत संडास बऱ्याचदा एक पायरी उंच असतो आणि वॉकर घेऊन ती पायरी चढणं धोक्याचं. तसं असेल तर सुरुवातीला खुर्ची भांड्यासह पलंगाशेजारीच राहू द्या. त्यांना लाज वाटेल. आईलाही वाटली होती, पहिले दोन दिवस ती पाणीच कमी प्यायची. खोलीचं दार लावून घेऊन आम्ही बाहेर थांबायला लागलो तेव्हा सावरली.

दाराच्या उंबऱ्यावर आई रोज हळदकुंकू वाहते, तो काढायला ती तयार नव्हती. काढला नाही. उंबरा एक इंच उंच, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक फूट लांबीचा लाकडी उतार करून घेतला. बाथरूमचा उंबरा मात्र पाणी अडवतो, तो काढायचा तर आधी फरशीचा ढाळ तपासून घ्या.

बाथरूमचं दार आत उघडत असेल तर वडील यायच्या आधी सुताराला बोलवा. आत माणूस पडला की दार त्याच्याच अंगाला अडतं. बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असं करा आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी लावा.