दुपटं, आणि तुझा गाडीतला प्रश्न

प्रिय मनू,

परवा पोहण्याच्या क्लासहून येताना तू विचारलंस, "आई, आपण त्यांना आपले जुने कपडे का देतोय? लिस्टमधलं काहीतरी विकत नाही का घेता येणार?" मी "बघू" म्हटलं आणि रेडिओ मोठा केला. खरं सांगू? लागलं मला ते. तू वावगं काही बोलली नव्हतीस, म्हणून जरा जास्तच लागलं.

तुझ्या कोचबाईंना बाळ होणार आहे. कोणी काय भेट द्यावी म्हणून त्यांनी दुकानाची यादी पाठवलीय, त्यात दुधाच्या बाटल्या गरम करायचं यंत्रसुद्धा आहे. आणि तुझी आई महिनाभर रोज रात्री जेवणं उरकली की माझ्या माईआजीच्या इरकली लुगड्याचे तुकडे जोडून त्या बाळासाठी दुपटं शिवत बसलीय. बाहेर उणे 22, आत मी आणि ही सुई. बघणाऱ्याला हे विचित्रच दिसत असणार.

कराडच्या घरात जिन्याखाली एक गाठोडं असायचं. घरातलं सगळं जुनं कापड त्यात जायचं, पण फक्त सुती. नायलॉनच्या आणि जरीच्या साड्या बोहारणीला. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार हिंडायची आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी द्यायची. चार साड्यांवर एक पातेलं मिळवायला माईआजी तासभर हुज्जत घालायची आणि बोहारीण निम्म्यात उठून जायचं नाटक करायची. आम्ही पायरीवर बसून ते बघायचो. टीव्ही नव्हता आमच्याकडे तेव्हा.

मे महिन्यात दुपारी सोप्यात वाकळ शिवायला घ्यायची. खाली लुगडं, त्यावर आजोबांच्या धोतरांचे चार-पाच थर, वर परत लुगडं. कडेपासून धावदोरा घालत घालत आत यायचं, शेवटचा टाका मधोमध. मोठ्यांची ती वाकळ, बाळाचं ते दुपटं. तिथे थर दोन-तीनच. माईआजीला सुईचं नेढं दिसायचं नाही, म्हणून सकाळी खेळायला पळायच्या आधी मी पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. पुढे तिने मलाही टाका घालायला शिकवलं. टाका तांदळाएवढा हवा. माझा गव्हाएवढा व्हायचा, मग ती सगळी ओळ उसवायची. "एवढ्या टाक्यात पोराचं बोट अडकेल," म्हणायची. मला वाटायचं ती मुद्दाम छळतेय.

कुणाच्या घरी बाळ झालं की बाळंतविड्यात दुपटं, झबली, टोपडी, कुंची, सगळं घरी शिवलेलं. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचेच नाहीत. कोऱ्या कापडाला खळ असते, ते टोचतं, जुनं लुगडं धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं असतं, असं माईआजी सांगायची. यात शास्त्र किती आणि नाइलाज किती, ते मी नाही सांगू शकत.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट.

1988 साल, मी चौथीत. वर्गातल्या मैत्रिणीचा वाढदिवस. बाकीच्या पोरी दुकानातली कंपासपेटी नाहीतर स्केचपेनं घेऊन आलेल्या, आणि माझ्या हातात माईआजीने तुकड्यांचा शिवलेला बटवा. मी सरळ थाप मारली, पुण्याच्या प्रदर्शनातून आणलाय म्हणून. मैत्रिणीच्या आईने तो घेतला, उलटा केला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, हे तर तुझ्या आईच्या मोरपंखी साडीचं! आणि अस्तर माईंच्या खणाच्या चोळीचं." ती खूश झाली होती गं. कौतुकानेच बोलत होती. पण मी केक न खाता घरी आले आणि विचारलं, "माई, आपण गरीब आहोत का?"

माईआजीने बोटातलं अंगुस्तानसुद्धा काढलं नाही. "गरीब असतो तर चिंध्या उरल्या असत्या का? अंगावरच फाटल्या असत्या," म्हणाली आणि शिवत राहिली.

हे उत्तर मी पुढे कित्येकांना ऐकवलंय, तुझ्या बाबांना तर दहा वेळा. पण परवापासून वाटतंय की ते काही पूर्ण उत्तर नव्हतं. आजोबांचा शाळामास्तरांचा पगार आणि घरात पाच मुलं. पैसे असते तर तिनेही दुकान गाठलंच असतं. तसं झालंही. पुढे हातात जरा पैसा खुळखुळायला लागल्यावर बेबीमावशीच्या पहिल्या बाळाला तिने बाजारातून लेसवाला नायलॉनचा सेट आणला आणि गल्लीभर दाखवत हिंडली. नायलॉनचा! ते बाळ त्यात घामाने भिजून रडायचं. म्हणजे ज्या परंपरेची मी तुझ्यासमोर बाजू मांडतेय, ती माईआजीने संधी मिळताच गुंडाळून ठेवली होती. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, बहुतेक सोयीस्कर विसरले होते.

आणि दुसरी शंका त्याहून मोठी आहे. कराडात दुपट्याची घडी उलगडली की बाया त्यातलं एकेक कापड ओळखायच्या. हे हिचं परकरपोलकं, हे अमकीचं डोहाळजेवणाचं पातळ. तुझ्या कोचबाई काय ओळखणार? त्यांना दिसणार निळं कापड आणि लाल काठ. जुनं की नवं यावर मी तुझ्याशी कितीही भांडेन, पण याला माझ्याकडे उत्तर नाही. मग मी हे करतेय ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? हात शिवतात आणि डोक्यात हेच चालतं.

अजून एक. मधला पिवळा चौकोन तुझ्या बदकांच्या फ्रॉकचा आहे. तुला न विचारता कापला. तू तीन वर्षांची असताना घालायचीस, तुझ्या लक्षातही नसेल, असं मी धरून चालले. "आपले जुने कपडे" म्हणताना तुझ्या डोक्यात तो फ्रॉक असेल तर तुझा राग रास्त आहे. उसवून परत देता येईल, पण आता त्याचा चौकोनच मिळेल, फ्रॉक नाही. चुकलंच माझं.

दुपटं पाळण्यात चालणार नाही असं तू म्हणालीस, तेही बरोबर. इथे पहिलं वर्षभर बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण ठेवायचं नसतं. आम्हाला पाच-पाच दुपट्यांत करकचून गुंडाळायचे, वाचलो म्हणायचं. तर हे पाळण्यात नको, जमिनीवर अंथरून त्यावर बाळाला पालथं खेळवायला होईल, एवढं त्यांना सांगायला हवं.

तुला ते द्यायचंच नसेल तर शनिवारी दुकानात जाऊ, यादीतलं काहीतरी तू निवड. मी तोंड वाकडं करणार नाही, निदान दुकानात तरी नाही. दुपटं राहील आपल्याकडे, कपाट कुठे भरलंय? आणि द्यायचं ठरलं तर बरोबरची चिठ्ठी तू लिही. माझं इंग्रजी अशा वेळी बँकेच्या पत्रासारखं होतं. माईआजीची गोष्ट वगैरे नको, फक्त कसं वापरायचं आणि कसं धुवायचं तेवढं. रंग जाईल का असं त्यांनी विचारलं तर जायचा होता तेवढा कधीच गेलाय म्हणावं. ड्रायरचं मात्र मला नक्की सांगता येत नाही. दसऱ्याच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा कृष्णेच्या घाटावर न्यायचो, पाणी प्यालेली एक वाकळ पिळायला दोन टोकांना दोघी लागायच्या, आणि हे लुगडं त्याच दगडांवर कितीतरी वर्षं धोपटलेलं आहे. चालेल बहुतेक. तरी मंद आचेवर लिही.

आई