रेडिओ डायग्रामशी जुळत नाही? कटर खाली ठेवा

व्हॉल्व्ह रेडिओबद्दल, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या रेडिओबद्दल, येणाऱ्या प्रश्नांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. मोबाइलवर उतरवून घेतलेला सर्किट डायग्राम एक सांगतो आणि चॅसीखाली, म्हणजे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याखाली, दिसते भलतेच. मग चूक कुणाची? बहुतेक वेळा कुणाचीच नसते. या वेळी तोच प्रश्न मुख्य, बाकीचे त्याच्या मागेपुढे.

प्रश्न (सिडको): वडिलांचा रेडिओ वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडून होता. एकदा लावून पाहू का?

नको. ‘एकदा लावून पाहू’ म्हणत लावलेले सेट माझ्याकडे येतात तेव्हा ट्रान्सफॉर्मरचा वास आधी येतो, मालक मागून. फिल्टर कंडेन्सर (वीज सपाट करणारे) तपासल्याशिवाय वीज द्यायची नाही, आणि पहिल्यांदा द्यायची ती वायरीत सिरीज बल्ब लावूनच, म्हणजे दोष असला तर प्रवाह बल्ब अडवतो. व्हॉल्व्हच्या सेटवर हात बसलेल्या माणसाकडून हे करून घ्या.

प्रश्न (गंगापूर रोड): आमच्या टेबल रेडिओत ईबीसी८१ आणि स्पीकर चालवणारा ईएल८४ हे व्हॉल्व्ह आहेत. ईएल८४ च्या ग्रिडला (जिथे आवाजाचा सिग्नल आत येतो) एक छोटा रेझिस्टर आहे, तो डायग्रामात नाही. कॅथोडला (जिथून प्रवाह व्हॉल्व्हमध्ये निघतो) डायग्राम १५० ओहम दाखवतो, आमच्यात २२० आहे. मेकॅनिक म्हणतो, ‘कुणीतरी छेडछाड केलीय, कंपनीसारखे करून देतो.’ करू द्यावे का?

आज तरी करू देऊ नका. डायग्राम शिरसावंद्य मानून चालता रेडिओ कापायचा, हे खूळ अलीकडे फार बोकाळले आहे.

एखादे मॉडेल कारखान्यात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे बनत असे. कॅबिनेट तेच, डायल तीच, पण पहिल्या खेपेचा सेट आणि शेवटच्या खेपेचा सेट आतून एकसारखे नसत. विकलेल्या सेटवर तक्रारी येत, ‘आवाज मोठा केला की शिट्टी वाजते’, की पुढच्या खेपेत एक रेझिस्टर वाढे. ठरलेल्या मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पुरवठादाराकडे नसला की जवळच्या आकड्याचा बसे. आपल्याकडे १९५७ च्या सुमारास परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि सुटे भाग आयात परवान्यात अडकू लागले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले ते १९६१ मध्ये. त्यात व्हॉल्व्हची पिढीही बदलत होती. आठ पिनांचे रिमलॉक, म्हणजे ईएल४१ वगैरे, मागे पडून नऊ पिनांचे नोव्हाल आले.

आता तुमचा ग्रिडवरचा रेझिस्टर. ईएल८४ फार तिखट व्हॉल्व्ह आहे. त्याचा ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ग्रिडच्या एका व्होल्टने प्रवाह किती बदलतो ते, एका व्होल्टला ११.३ मिलिअँपिअर, जुन्या ६व्ही६ चा जेमतेम ४.१. वायर जराशी लांब गेली तरी हा आपसूक ऑसिलेट होऊ लागतो (स्वतःच लहरी काढू लागतो), तेही कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर. आपल्याला आवाज फाटलेला लागतो आणि व्हॉल्व्ह उगाच तापत राहतो. त्यावर उतारा म्हणजे ग्रिडच्या अगदी तोंडाशी एक रेझिस्टर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो पिन नंबर २ ला, पाय जेमतेम अर्धा सेंटिमीटर ठेवून लावलेला आहे. पाय पिनीच्या भोकातून घालून वळवला आहे, त्यावरची पिवळी स्लीव्ह शेजारच्या भागांवर आहे तीच, आणि सोल्डरच्या डागाची चमक बाकीच्या डागांसारखीच मंद झालेली. कारखान्याचा हात असा दिसतो. गल्लीतला हात निराळा: पाय वळवलेला नाही, नुसता टेकवून डाग मारलेला, जुन्या भागाचे कापलेले शेपूट तसेच टॅगवर, आणि नवे भोक पाडले असेल तर त्याच्या कडेला पत्र्याची कुसळे.

डायग्रामात तो का नाही? कारण सर्व्हिस शीट बहुधा सुरुवातीच्या खेपेवरून निघे. पुढचे बदल नंतरच्या पुरवणी कागदांवर येत. ते डीलरच्या फायलीत जात आणि स्कॅन करणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा लागतच नाहीत. अमेरिकेच्या फिल्को कंपनीने तर चॅसीवर ‘रन’ नंबरचा शिक्का मारायची पद्धत ठेवली होती, आणि कोणत्या रनपासून कोणता भाग बदलला हे तिच्या सर्व्हिस बुलेटिनांत छापून येई. इतका सरळ हिशेब सगळ्यांनी ठेवला नाही, म्हणून चॅसी वाचायला शिकावे लागते.

२२० ओहमबद्दल मात्र फोटोवरून निकाल देणार नाही. तो कारखान्याचाही असेल, किंवा १५० चा हाताशी नव्हता म्हणून कुणी घातला असेल. तिथे डायग्रामला नव्हे, मीटरला विचारायचे. कॅथोडवर समजा ९.५ व्होल्ट आले, तर भागिले २२० म्हणजे सुमारे ४३ मिलिअँपिअर. ईएल८४ च्या ॲनोडची (प्रवाह जिथे पोचतो त्या टोकाची) मर्यादा १२ वॉटची. एचटी, म्हणजे व्हॉल्व्हला मिळणारे मोठे डीसी व्होल्टेज, मोजून त्या प्रवाहाशी गुणाकार करा, मर्यादेत बसत असेल तर त्या रेझिस्टरला हात लावायचे कारण नाही. त्याआधी ग्रिडवरचा व्होल्टेज पाहायला सांगा. कॅथोड रेझिस्टरवर बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह ताब्यात ठेवणारे व्होल्टेज) घेणाऱ्या या जोडणीत ग्रिडवर शून्य हवे. एक-दोन व्होल्ट प्लस दिसले तर ईबीसी८१ कडून येणारा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवणारा) गळतोय, आणि तुमच्या सेटमधली खरी बदलण्याजोगी वस्तू तीच. मेणकागदाचे जुने कंडेन्सर आपल्या पावसाने फार खाल्ले आहेत, इगतपुरी-त्र्यंबककडचे सेट तर विचारूच नका. ही मोजमापे चालू सेटवर, अडीचशे व्होल्टच्या शेजारी घ्यायची असतात. स्वतः करू नका. समोर बसून करून घ्या, मूळ भाग काढलाच तर पाकिटात घालून मागून घ्या आणि आधी चॅसीचा फोटो काढा.

प्रश्न (देवळाली कॅम्प): आपला सेट कोणत्या खेपेचा हे कसे ओळखायचे?

मागच्या पुठ्ठ्यावरचा पूर्ण नंबर उतरवा, तिरक्या रेघेनंतरच्या आकड्यांसकट. लोक नेमके तेच गाळतात. चॅसीवरचा शिक्का, आत चिकटवलेली व्हॉल्व्हची यादी आणि प्रत्यक्ष सॉकेटमधले व्हॉल्व्ह, तिन्ही ताडून पाहा. फिलिप्सच्या नंबरात शेवटी ‘ए’ असेल तर सेट फक्त एसीचा, ‘यू’ असेल तर एसी-डीसी दोन्हीचा. पुठ्ठा दुसऱ्याच सेटचा लावलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न (निफाड): जुन्या वस्तूंचा एक विक्रेता म्हणतो, हा पहिल्या खेपेचा सेट आहे, म्हणून दुप्पट किंमत. खरे का?

पहिल्या खेपेचा म्हणजे ज्यातले दोष अजून काढायचे होते तो. त्याला दुप्पट पैसे का द्यायचे, ते विक्रेत्यालाच विचारा. चॅसी उलटी करून दाखवत नसेल तर घेऊ नका.

प्रश्न (नाशिक रोड): रेडिओच्या मागचा स्क्रू हाताला लागला की झटका बसतो. शेजारी म्हणतात, प्लग उलटा लावा.

शेजाऱ्यांना चहा द्या, रेडिओ देऊ नका. व्हॉल्व्हची नावे यूसीएच, यूएल, यूवाय अशी ‘यू’ने सुरू होत असतील तर तो एसी-डीसी सेट. त्यात सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो. फिलामेंटे (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) एका माळेत, शंभर मिलिअँपिअरची, आणि चॅसी थेट मेन्सच्या एका वायरीला. प्लग उलटवून चॅसी न्यूट्रलवर आली तरी भरवसा नाही. सेटचा स्विच चॅसीकडच्या वायरीत असेल तर तो बंद केल्यावर फिलामेंटांतून फेज चॅसीवर उतरते. म्हणजे रेडिओ बंद, आणि झटका चालू. चॅसीला अर्थिंगची वायर जोडणे हा त्याहून घातक शहाणपणा. ‘ई’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मेन्स आणि चॅसीमधला कंडेन्सर संशयित. दोन्हीत प्लग आजच काढा आणि जाणकाराला दाखवा. निघालेला नॉब, हरवलेला पुठ्ठा तसाच ठेवून घरात मुले असताना हा सेट लावू नका.

प्रश्न (सातपूर): ईझेड८० (एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह) गेला. त्याच्या जागी डायोड टाकून चालेल का? आणि हम (गुणगुण) कमी करायला १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर?

चालते असे सांगणारे पुष्कळ आहेत. डायोडने एचटी वाढते, आणि बाकीचे व्हॉल्व्ह गरम व्हायच्या आत ते पूर्ण व्होल्टेज कंडेन्सरवर चढून बसते. घालायचाच झाला तर सिरीजमध्ये मोजून रेझिस्टर हवा. ईझेड८० च्या पुढच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड. त्यापुढे गेलात तर नवा व्हॉल्व्हही जाईल. हम असेल तर जुना कंडेन्सर सुकलाय, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा घाला.

प्रश्न (इंदिरानगर): आमच्या मीडियम वेव्ह-शॉर्ट वेव्ह सेटवर नाशिक आकाशवाणी का लागत नाही?

ती एफएमवर आहे. सेटमध्ये बिघाड नाही.

प्रश्न (पंचवटी): हिरवा डोळा (स्टेशन नीट लागले का ते दाखवणारा चमकता व्हॉल्व्ह) मंद झालाय. दुकानदार ‘नवा, डबाबंद’ म्हणून महाग देतोय.

आधी डोळ्याच्या सॉकेटवरचा मोठ्या ओहमचा रेझिस्टर मोजून घ्या, तो वयाने वाढतो. रेझिस्टर ठीक असेल तर डोळा थकलाय. दुकानदाराने चालू सेटवर पेटवून दाखवला तरच पैसे द्या. डबा कुणालाही छापता येतो.

प्रश्न (कॉलेज रोड): एक जण जुन्या सेटमध्ये ब्लूटूथ बसवून देतो म्हणतो. बसवू का?

एसी-डीसी सेट असेल तर मुळीच नाही, कारण वर सांगितले. ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर त्याला विचारा, जागा करायला आतले काय काय काढणार. ‘काही जुने बिनकामाचे भाग’ असे उत्तर आले तर सेट उचला आणि घरी या.