हंगामी अंदाज पाहून भाताची पेरणी ठरवावी का? : ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी कृषी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो,

शहापूर, मुरबाड आणि भिवंडी तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांचा रोख एकच आहे. यंदा सरासरीपेक्षा जास्त पाऊस होणार असे जाहीर झाले, तर रोपवाटिकेची पेरणी लवकर उरकावी का. आणि इशारा असूनही आपल्या गावात पाऊस पडला नाही, तर अंदाजावर विसंबायचे कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. भारतीय हवामान विभागाचा एप्रिलमधील अंदाज जून ते सप्टेंबर या काळात देशभर मिळून 87 सेंटीमीटर या सरासरीच्या तुलनेत किती पाऊस पडेल, हे मुख्यतः सांगतो. मुरबाडला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काय होईल, हे त्यातून कळत नाही. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 11 जून असली, तरी 2023 साली तो 25 जूनला आला, आणि 2025 साली 26 मे रोजीच दाखल होऊन पुढे जूनच्या मध्यापर्यंत त्याची आगेकूच रखडली. अशा वर्षी आगमनाच्या बातमीवर धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत, पेरलेले बियाणे पहिल्या सरींवर उगवते आणि पुढची उघडीप लांबली की कोंब करपतात. मग दुबार पेरणीसाठी त्याच वाणाचे बियाणे मिळवताना धावपळ होते.

पेरणीसाठी पाहायचा तो हवामान विभागाचा दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज. पावसाचे जोर धरणे आणि उघडीप देणे यांचा संबंध विषुववृत्ताजवळून साधारण 30 ते 60 दिवसांत पूर्वेकडे सरकणाऱ्या ढगांच्या मोठ्या पट्ट्याशीही असतो, आणि 2012 पासून सुरू असलेल्या मान्सून मिशन या पावसाचे अंदाज सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने अशा हालचाली संगणकीय प्रारूपांत उतरवण्यावर बरेच काम केले आहे. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांचा कल पेरणीसाठी विचारात घेण्याजोगा असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यावर मात्र खर्चाचा निर्णय सोपवू नये. पहिल्या दोन आठवड्यांत उघडीप दिसत असेल आणि रोपवाटिकेला विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी देता येत नसेल, तर आठवडाभर थांबणे माझ्या मते केव्हाही हिताचे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत इशाऱ्यातील शब्द नीट वाचावेत. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे त्या भागातील फार तर 25 टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर, 24 तासांत किमान 64.5 मिलिमीटर पाऊस. आपले गाव कोरडे राहिले तरी तो अंदाज चुकला असे होत नाही, आणि गाव त्या 25 टक्क्यांत येणार नाही असे धरून खाचरात युरिया फेकणेही योग्य नाही, कारण बांधावरून पाणी वाहू लागले की खत त्याबरोबर जाते. लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये एक, अशी युरिया-डीएपी ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी) 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचली, तर हे नुकसान बरेच टळते. फवारणी आणि वरखताचा दिवस ठरवण्यापूर्वी मेघदूत या हवामान व शेतीसल्ल्याच्या मोबाइल ॲपवर मंगळवारी व शुक्रवारी येणारा सल्ला पाहावा.