फ्रीजमधलं ताक शेतावर दुपारपर्यंत थंड कसं ठेवावं? ओलं फडकं, फॉइल की थर्मास?

तुमचा प्रश्न असा आहे: बाबा सकाळी सातला यवतमाळजवळच्या शेतावर जातात. सोबत फ्रीजमधलं लिटरभर ताक, साध्या प्लास्टिकच्या बाटलीत. आई बाटलीला ओलं फडकं गुंडाळून देते, तरी साडेनऊपर्यंत ताक कोमट होतं. बाराला जेवताना ते थंड लागायला हवं. त्यासाठी थर्मास घ्यावाच लागेल का, की फॉइल वगैरे गुंडाळून भागेल?

थर्मास न घेताही भागेल. आई फडकं गुंडाळते ते योग्यच आहे, फक्त ते बाटलीला थेट लागता कामा नये. बाटली आणि ओलं फडकं यांच्यामध्ये एक जाड, कोरडा थर हवा. आता असं का, ते सांगतो.

मी रत्नागिरीत शीतगृहांच्या आणि एसीच्या नळ्यांच्या इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणाची, कामं करतो. या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे की इन्सुलेशन ओलं झालं की संपलं. थर्माकोल, कापूस, गोणपाट, कागद, काहीही घ्या, उष्णता अडवते ती त्यात अडकलेली हवा. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की सगळं उलटं होतं, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपट तरी सहज वाहते. जुन्या इमारतींत गार पाण्याच्या नळ्यांवर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, गुंडाळलेलं असतं. वरचा पत्रा एखाद्या जोडावर बोटभर उघडा राहिला, तरी हवेतला दमटपणा आत शिरून पार नळीपर्यंत पोचतो. काही महिन्यांनी तिथलं ग्लासवूल काढून हातात घेतलं की ते पिळता येतं, धार लागते पाण्याची. वरून पाहिलं तर नळी छान झाकलेली दिसत असते.

आता तुमची बाटली. ओल्या फडक्याचा उपाय आला माठावरून. माठाचं पाणी झिरपतं, वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. पण या उपायाला एक मर्यादा आहे. समजा तुमच्याकडे मे महिन्यात 43 अंश तापमान आहे आणि आर्द्रता 20 टक्के. अशा हवेत ओलं कापड फार तर 24-25 अंशांपर्यंत उतरतं, त्याखाली जातच नाही. विहिरीचं किंवा टाकीचं पाणी गार करायला हे उत्तम. पण तुमचं ताक फ्रीजमधून निघतं तेव्हा 5 अंशांवर असतं. त्या बाटलीला चिकटलेलं फडकं बाटलीइतकंच गार होतं, आणि इतक्या गार कापडातलं पाणी वाळत नाही. उलट हवेतली वाफच त्याच्यावर येऊन जमते. म्हणजे सुरुवातीच्या तासात फडकं ताकाला काही देत नाही, बाहेरची उष्णता मात्र बिनदिक्कत आत पोचवतं. ताक पंधरा-सोळा अंशांच्या वर गेलं की मग फडक्याचं काम सुरू होतं, आणि ते ताकाला माठातल्या पाण्याइतकं गार राखतं. तुम्ही कोमट म्हणता ते हेच.

बाटलीवर जमणाऱ्या घामाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेकांना वाटतं की घाम आला म्हणजे बाटली मस्त गार आहे. गार आहे हे खरं, पण तो घामच तिला तापवतो. पाणी वाळताना उष्णता घेतं, तशी वाफ पुन्हा पाणी होताना तीच उष्णता सोडते. एक ग्रॅम वाफ जमली की साधारण 580 कॅलरी उष्णता बाहेर पडते (एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला लागते ती एक कॅलरी). दोन छोटे चमचे घाम, म्हणजे 10 ग्रॅम, बाटलीवर जमला तर 5800 कॅलरी झाल्या, आणि एवढ्या उष्णतेत लिटरभर ताक जवळजवळ सहा अंशांनी तापतं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेल डरन आणि डार्गन फ्रायरसन या दोन हवामानशास्त्रज्ञांनी थंड पेयाच्या डब्यावर हाच अभ्यास केला होता. डब्यावर मिलिमीटरचा दहावा भाग जाड घाम धरला, तरी आतलं पेय सुमारे 5 अंशांनी तापतं असं त्यांनी दाखवलं. आमच्याकडे कोकणात एप्रिल-मेमध्ये गार बाटली टेबलावर ठेवली की खाली तळं होतं. तुमच्याकडे हवा कोरडी, त्यामुळे घाम कमी, पण 5 अंशांच्या बाटलीवर तोही येतोच.

म्हणून करायचं असं. बाटली फ्रीजमधून काढली की आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मग तिच्यावर कोरडा थर चढवा, दोन सेंटीमीटर तरी जाड. घरातलं जुनं ब्लँकेट, टॉवेल, नाहीतर वर्तमानपत्राचे बरेच कागद सैलसर गुंडाळले तरी चालतात. फार आवळू नका, आवळलं की अडकलेली हवाच निघून जाते. माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे एसीच्या तांब्याच्या नळीवर असतो तो काळा रबरी फोम. एसी-फ्रीजचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात त्याची शीट मिळते, 9, 13, 19, 25 मिलिमीटर अशा जाडीत. 19 ची घ्या. त्यातली प्रत्येक पोकळी बंद असते, त्यामुळे तो पाणी पीत नाही, आणि कापडापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. बाटलीभोवती नळकांडं करून जोड चिकटवा, बुडाला एक गोल चकती, झाकणावर टोपी. बूड आणि झाकण लोक हमखास विसरतात. तापलेल्या ढेकळांवर बूड टेकवून ठेवलेली बाटली खालूनच तापते.

या थरावर जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड घट्ट बांधलेली. पिशवी बाहेरच्या अंगाला हवी, कारण वाफ बाहेरून आत येते. शीतगृहाच्या भिंतीतही वाफ अडवणारा थर आम्ही उष्ण बाजूलाच लावतो. आणि आता, पिशवीच्या वरून, आईचं ओलं फडकं किंवा भिजवलेलं गोणपाट. ते आता बाटलीच्या गारव्यापासून तुटलेलं आहे, त्यामुळे मनसोक्त वाळेल आणि 25 अंशांच्या आसपास राहील. म्हणजे आतल्या ताकाच्या दृष्टीने बाहेर 43 नाही, 25 अंश आहेत. निम्मी लढाई इथेच जिंकली. हे सगळं झाडाच्या सावलीत, वारा लागेल असं टांगून ठेवा आणि बाबांना मध्ये एकदा फडकं भिजवायला सांगा.

हेच रत्नागिरीत कुणी विचारलं असतं तर मी बाहेरचं ओलं फडकं काढून टाकायला सांगितलं असतं. इथे 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असताना ओलं कापड 28 च्या खाली जात नाही. त्या चार-पाच अंशांसाठी ओल सांभाळण्यात अर्थ नाही. इथे कोरडा थर आणि घट्ट पिशवी एवढंच, पण ते नीट.

आकड्यांत सांगायचं तर, उघडी लिटरची बाटली 40 अंशांच्या सावलीत 4 अंशांवरून तासाभरात 18 च्या आसपास पोचते. दोन सेंटीमीटर चांगला कोरडा थर असेल तर तेवढ्याच वेळात ती फार तर 8 पर्यंत जाते, आणि चार तासांनी 16 च्या आसपास असते. हा कागदावरचा हिशोब आहे, वारा आणि ऊन यांनी थोडा इकडेतिकडे होईल. पण 16 अंशांचं ताक काही थंडगार नव्हे, म्हणून इन्सुलेशनसोबत बर्फ हवाच.

बर्फाची ताकद वितळण्यात आहे. 0 अंशांवरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला 80 कॅलरी घेतो. पाव किलो बर्फ म्हणजे 20,000 कॅलरी, एवढ्यात लिटरभर ताक 20 अंशांनी तापलं असतं. रात्री बाटलीत पाव भाग ताकच भरा आणि बाटली फ्रीजरमध्ये तिरकी ठेवा. गोठताना ते फुगतं, पण पाऊण बाटली रिकामी असल्यामुळे फुटायची भीती नाही. सकाळी वरून गार ताक ओता. पाण्याचा बर्फ घातला तर ताक पांचट होतं, ताकाचाच बर्फ केला तर चव जात नाही. वितळल्यावर ते फाटल्यासारखं दिसेल, बाटली हलवली की एकजीव होतं. वर सांगितलेलं पांघरूण असेल तर माझ्या हिशोबाने बाराला बाटलीत बर्फाचा खडा शिल्लक असायला हवा.

इन्सुलेशन नीट कोरडं असेल तर बर्फ किती तग धरतो, याचं एक जुनं उदाहरण सांगतो. 1833 मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने तळ्यातला बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. मे महिन्यात निघालेलं जहाज सप्टेंबरमध्ये पोचलं, दोनदा विषुववृत्त ओलांडून. निघताना 180 टन होता, पोचला तेव्हा 100 टनांच्या आसपास उरला होता. त्याच्या धंद्याचं मुख्य इन्सुलेशन होतं लाकडाचा भुसा. आपल्याकडे रसवंतीवर बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात ठेवतात ती पद्धत हीच.

फॉइलचं थोडक्यात. चकचकीत फॉइल फक्त किरणांनी येणारी उष्णता परत पाठवते, आणि तीही समोर हवा मोकळी असेल तर. बाटलीला चापून बसवलेल्या फॉइलचा सावलीत फारसा उपयोग नाही, ॲल्युमिनियम स्वतः उष्णतेचा उत्तम वाहक आहे. बाटली उन्हातच ठेवावी लागत असेल तर सगळ्यात बाहेर, चकचकीत बाजू वर करून लावा.

थर्मासमध्ये हवासुद्धा नसते. जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये लंडनला द्रवरूप वायू साठवण्यासाठी असं भांडं केलं, दोन भिंती आणि मध्ये निर्वात पोकळी. तिथून उष्णता जवळपास जातच नाही, जाते ती मानेतून आणि झाकणातून. म्हणून घ्यायचाच असेल तर अरुंद तोंडाचा घ्या. बाटलीवर आयएसआय चिन्ह आणि 17526 हा मानक क्रमांक पाहा. घरी आणल्यावर उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. अंग गरम लागलं तर पोकळीत हवा शिरली आहे, परत करा. ताक भरण्याआधी पाच मिनिटं बर्फाचं पाणी घालून ओतून द्या, नाहीतर तापलेलं स्टीलच ताकाला थोडं तापवतं. रिकामा थर्मास झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवल्याने आतून गार होत नाही, पोकळी दोन्ही दिशांना अडवते. आणि भरायचा तो काठोकाठ.

एक काळजी मात्र ताकासाठीच. थर्मासमधलं ताक एकदा कोमट झालं की तसंच तासन्‌तास कोमट राहतं आणि झपाट्याने आंबतं, म्हणून उरलेलं संध्याकाळी परत आणू नका. घरी आल्यावर झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवा, आंबूस वास तिच्याखालीच धरतो, आणि थर्मास रात्रभर उघडा, पालथा ठेवून वाळवा.