हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती दे

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतलंही हे माझं दुसरं वर्ष. मागच्या शिबिरात हजेरी, शिधा आणि खर्चाच्या नोंदी मी ठेवल्या होत्या. ते काम मला आवडतं. यंदा सरांनी मला शिबिराची विद्यार्थी प्रमुख केलंय. पन्नास जणांसमोर उभं राहिलं की माझा घसा कोरडा पडतो आणि वर्गातली मुलं माझं ऐकतील असंही वाटत नाही. पुढे एमपीएससी करायची आहे. घरचे म्हणतात, नाव काढून घे आणि अभ्यासाला लाग. काय करू?

उत्तर: होकार दे. मात्र तुला ज्याची भीती वाटते ती गोष्ट मला फारशी अवघड वाटत नाही. जी खरंच अवघड आहे, तिचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही.

आधी भाषणाचं बोलू. उद्घाटन, पाहुण्यांचा परिचय, रात्रीचे कार्यक्रम यांचं सूत्रसंचालन करायला हौशी मुलं प्रत्येक कॉलेजात असतात. ते खुशाल त्यांना करू दे. माइकवर छान बोलतो तोच पुढारी, हा समज आपल्याकडच्या सभासमारंभांनी उगाच जोपासलाय. दहा-दहा जणांचे पाच गट पाड, प्रत्येकाला गटप्रमुख नेम आणि रोज रात्री त्या पाच जणांना घेऊन आढाव्याला बस. पाच जणांशी तू आजही बोलू शकतेस. ‘मुलीचं काय ऐकायचं’ असा सूर लावणारा एखादा निघेलच. त्याला जिंकायच्या मागे लागू नकोस. काम कुठलं, किती वाजेपर्यंत आणि कुणाबरोबर, एवढं त्याच्या गटप्रमुखासमोर नेमकं सांग आणि पुढे चल.

आता अवघड गोष्ट, म्हणजे ती हिशेबाची वही. यंदाही ‘एवढं मीच बघते’ म्हणायचा मोह तुला होणार. ती पहिल्या वर्षाच्या कुणाला तरी देऊन टाक. दुसऱ्या रात्री त्याचा डाळ-तांदळाचा मेळ बसणार नाही. तू तो चुटकीसरशी बसवशील, हे तुलाही ठाऊक आहे आणि त्यालाही. तरी वही ओढून घेऊ नकोस. शेजारी बस, पावत्या तारखेवार लावायला सांग आणि चूक त्यालाच सापडू दे. झोपायला उशीर होईल, होऊ दे. नीटनेटक्या, हुशार मुलांचं घोडं नेमकं इथेच अडतं. आपल्याला उत्तम येणारं काम दुसऱ्याने थोडं कमी चांगलं केलेलं त्यांना बघवत नाही. मग नाव प्रमुख म्हणून लागतं आणि काम मागच्याच वर्षीचं चालू राहतं. कम्फर्ट झोन म्हणतात तो तुझा त्या वहीत आहे, स्टेजचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

लष्करी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या पाच दिवसांच्या चाचण्यांत कमांड टास्क नावाचा एक प्रकार असतो. उमेदवार आपल्याच गटातले मदतनीस निवडतो आणि फळ्या, दोर घेऊन अडथळा ओलांडायचा असतो. तिथे एकट्याने उडी मारून पार होण्याला किंमत नसते, बरोबरच्यांना तो कसं पार नेतो हे पाहतात. तुझं शिबिर तर सात दिवसांचं आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि एक निवासी शिबिर, एवढंच कागदावर मागितलेलं असतं. त्यातून काय शिकायचं हे कागदावर नसतं.

समजा, श्रमदानात वनराई बंधारा घालायचा आहे. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडं शिवायची आणि वाहत्या नाल्यात विटांसारखे सांधे चुकवून रचायची. काम सोपं आहे. पण पोती कमी पडली तर पन्नास जण सकाळी दहालाच झाडाखाली बसतात आणि मग प्रमुखाची किंमत उरत नाही. म्हणून शिबिराआधी एकदा गावात जाऊन ये. नाल्यावरची जागा गावातल्या जाणत्यांकडून ठरवून घे, घमेली-फावडी किती मिळतील ते सरपंचांना विचार. अनोळखी मोठ्या माणसाकडे जाऊन काहीतरी मागायचं, हा सराव तुला भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मैत्रिणीचाही प्रश्न येणार. तुझीच एखादी खास मैत्रीण तिसऱ्या दिवशी ‘डोकं दुखतंय’ म्हणून खोलीवर थांबेल. खरंच दुखत असेल तर गोळी आणि विश्रांती. नसेल तर त्याच दिवशी, एकटीला गाठून सांग: ‘तुला सूट दिली तर उद्या मी कुणालाच काही सांगू शकणार नाही.’ रात्रीच्या आढाव्यात चारचौघांत मात्र तिचा विषय काढू नकोस. दोन दिवस ती बोलणार नाही कदाचित. हे मला माइकपेक्षा कितीतरी कठीण वाटतं.

सगळंच सोसायचं नसतं, हेही सांगतो. कुणी आजारी पडलं, कुणी त्रास दिला, विहिरीजवळ किंवा पाण्यात काही धोक्याचं दिसलं, पैशात गोंधळ झाला, तर लगेच कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांकडे जायचं. ती त्यांची जबाबदारी आहे. तिथे एकटीने धीर दाखवण्यात शहाणपण नाही.

घरच्यांना आठवडा बुडणार हे सरळ सांग, लपवू नकोस. महिन्याभरात मोठी परीक्षा असती तर मीही नाही म्हटलं असतं. 2025पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि एकूण 2025 गुणांपैकी मुलाखतीला 275 आहेत. शिबिराचं प्रमाणपत्र दाखवून त्यातले गुण मिळतील, असं मी तुझ्या आई-वडिलांना सांगणार नाही. पण उद्या तू तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी झालीस, तर पहिल्या दिवसापासून तुझ्या हाताखाली तुझ्यापेक्षा वयाने मोठी माणसं असतील आणि प्रत्येक फाइल स्वतः लिहायला तुला वेळ नसेल.

सरांना होकार कळवताना एक विचारून घे: कामाचं वाटप आणि गटांची रचना मी ठरवू का, की नुसतं नाव माझं? उत्तर गोलमोल आलं तर पुन्हा विचार. आणि पोत्यांचं आताच बघायला लाग. गावात कुणाचं घर बांधणं चालू असेल तर तिथे रिकामी मिळतील, ऐनवेळी मिळणार नाहीत.